चूलबंद गल्लीतला धूर

कुणाच्या घरी माणूस गेलं की नातेवाईक रडायला जमायच्या आत मथुराबाई येऊन उभी राहायची. पदर खोचलेला, तोंड सुरू. "अगं, रडशील मग, आदी पानी तापव. ह्या पोरास्नी उचला हितनं. अन् तू रं, मुडद्या, बघत काय ऱ्हायलास? जा की तिच्या भावाला सांगाया!" ज्याचं माणूस गेलं त्यालासुद्धा रडायला तिची परवानगी लागायची. ही माझी सासू. मी तिला तोंडावर आत्याबाई म्हणायची आणि मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणायची, ते इथं सांगत नाही.

मी बजाबाई, बार्शीची. चौथी शिकलेली, त्यामुळं माहेरी माझा लई तोरा होता. तो सगळा सोलापुरात, गिरणीच्या मागच्या गल्लीत येऊन उतरला. आत्याबाई गिरणीत रिळं भरायला जायच्या, सासरे धोंडीराम मागावर, आणि त्यांचा एकुलता एक रामहरी, म्हणजे माझा नवरा, तोही तिथंच. गल्लीत एकाला एक चिकटून खोल्या, मधल्या भिंती एकेका विटेच्या. शेजारणीनं कांदा चिरला की डोळे आमचे झोंबायचे. नवरा-बायकोनं भांडायचं तरी तोंडावर हात धरून.

आता मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारणीनं पिठलं-भाकरी करून न्यायची, समोर बसायचं, आणि पहिला घास आपल्या हातानं त्या घरच्या माणसाच्या तोंडात घालायचा. कडू घास म्हणतात त्याला. तो घालायचा मान आमच्या गल्लीत आत्याबाईंचा. मान म्हणजे कुणी दिलेला नव्हता, त्यांनीच घेतलेला होता. शेजारच्या गंगम्माशी त्यांचं नळावरून असं भांडण होतं की दोघी एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. गंगम्माचा नवरा गेला त्या दिवशी आत्याबाई भाकरीची पाटी घेऊन पहिल्या हजर. घास भरवला, तिचे डोळे पुसले, दहा दिवस तिच्या पोरांना न्हाऊ-माखू घातलं. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर भांडण जिथं राहिलं होतं तिथून पुढं सुरू केलं. अशी बाई ती.

ती बाई एका घरी गेली नाही. ते घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं.

हे मी पाहिलेलं नाही, माझं लग्न पुढच्या वर्षीचं. साल होतं तीस. गांधींना धरलं म्हणून गाव खवळलं, मे महिन्यात गोळीबार झाला, मग फौज आली आणि मार्शल लॉ लागला. पुढं आपल्या गावची चार माणसं येरवड्याला फासावर गेली, त्यांची नावं साऱ्या मुलखाला पाठ आहेत. कुंडलिकचं नाव कुणाला पाठ असणार? तो पुढारी नव्हता, त्यानं भाषण केलं नव्हतं. गिरणीची पाळी सुटली, गर्दी कसली म्हणून बघायला थांबला आणि मांडीत गोळी घेऊन घरी आला. दवाखान्यात न्यावं तर धरतील, म्हणून बायकोनं, सोनाबाईनं, त्याला घरातच ठेवला. हळद भरली, कडुलिंबाचा पाला बांधला. जखम चिघळली. रस्त्यावर गोरे सोजीर फिरत होते तेव्हा एका दुपारी तो गेला. भाड्याच्या हातगाडीवर घालून त्याला नेला. गल्लीतल्या एकाही बाप्यानं खांदा दिला नाही.

हे मला अकबरीनं सांगितलं, चांदसाब टांगेवाल्याच्या बायकोनं, नळावर घागर भरता भरता. "तेरी सास दुश्मन के मय्यत को बी गई बजा, बाजू के घर कू नई गई. मैं बी नई गई. कोई बी नई गया." एवढं बोलून तिनं घागर उचलली, अजून भरायची होती तरी.

का गेले नाहीत? तर अफवा उठली होती, त्या घरात जो पाय ठेवील त्याला गोरे उचलतील. खरं होतं की खोटं, देव जाणे. गांधी टोपी डोक्यावर दिसली तरी धरत होते, तेव्हा खोटं तरी कसं म्हणायचं.

सोनाबाई त्या खोलीतच राहिली. विड्या वळून तिनं पोरगा वाढवला, दगडू त्याचं नाव. कुणाशी भांडली नाही, कुणाला टोचून बोलली नाही. बोलायची, हसायची, आमच्या घरात कुणी आजारी असलं तर भिंतीवर थाप मारून विचारायचीसुद्धा. पण आमच्या घरचं खायची नाही. संक्रांतीचा तिळगूळ न्या, पंचमीचे दिंड न्या, दिवाळीची करंजी न्या, तिचं एकच उत्तर, तेही गोड आवाजात. "आज उपास हाय माजा." एकदा मी म्हटलं, "अहो, आज दिवाळीचा पाडवा, आज कुठला उपास?" तर म्हणाली, "हाय एक."

आत्याबाई ती करंजी माझ्या हातून परत घ्यायच्या आणि डब्यात ठेवून द्यायच्या. सगळ्या गल्लीला शिव्या घालणारी बाई सोनाबाईपुढं मान वर करत नव्हती. त्यांना दुसरं काही नको होतं हो. दागिना नको होता, नातू झाला नव्हता तरी त्याचा घोर नव्हता. सोनाबाईनं त्यांच्या हातचा एक घास खावा, एवढ्यावर त्यांचा जीव अडकला होता. मला हे कळायला वर्षं गेली. मला वाटायचं, म्हातारी वाकडी आहे, झालं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मे महिन्यात एका सकाळी मी चूल पेटवायला बसले तर आत्याबाईंनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "आज चूल न्हाय पेटायची."

"का?"

"कुंडलिक गेला हुता आजच्या दिशी."

नवी नवरी मी, दिवसभर भुईमुगाच्या शेंगा खाऊन बसले. पोटात कावळे ओरडत होते, पण मनात म्हटलं, केवढी देशभक्त सासू मिळाली! आणि चोंबडेपणा बघा माझा, नळावर जाऊन सांगून आले. पुढच्या वर्षी गंगम्मानं चूल पेटवली नाही. का, तर मथुराबाई करतीय आणि मी मागं राहू व्हय? तिचं बघून तिसरीनं, तिसरीचं बघून चौथीनं. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काय खोटं नाही. बघता बघता सगळ्या गल्लीत त्या दिवशी धूर दिसेना झाला. नाक्यावरच्या शिवशरणनं, त्याचं ज्वारीचं दुकान होतं, त्यावर एक छोटं भाषण ठोकलं आणि नाव देऊन टाकलं, चूलबंद गल्ली. नाव चिकटलं. दुसऱ्या पेठेतली माणसं त्या दिवशी बघायला यायला लागली.

कौतुक झालं की आत्याबाईंचा पारा चढायचा. "मथुराबाई, तुमी धन्य हाय," असं कुणी म्हटलं की "तुजं तोंड जळो" म्हणून त्याच्या अंगावर जायच्या. लोकांना वाटायचं, बाईला मोठेपणा नको आहे. मग आणखी कौतुक.

फक्त एका घरातून त्या दिवशी धूर निघायचा. सोनाबाईच्या. दर वर्षी, सकाळी सकाळी, चांगला दाट. बायका कुजबुजायच्या, "जिचा नवरा मेला तिचीच चूल पेटतीय बघा!" मीही कुजबुजले आहे. आज ते आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

अडतीस साल उजाडलं. प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं, पोलीसही जपून बोलत होते. शिवशरणनं कमिटी काढली. गल्लीच्या तोंडाशी कुंडलिकच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं, तोही कुंडलिक गेला त्याच दिवशी. त्या दिवशी सकाळीच तो आमच्या दारात आला, डोक्यावर इस्त्रीची पांढरी टोपी. तीस साली ह्यानंच आपली टोपी चुलीत घातली होती, हेही नळावरच कळलेलं.

"मथुराबाई, पुण्याहून पाहुणे आलेत. दगडाला हार घालतील, मग गल्लीतून चालत जातील. प्रत्येक घरातली गार चूल बघणार आहेत. वर्तमानपत्रात छापून येणार. तुमास्नी शाल अन् नारळ."

"मला नगं."

"बरं, ते बघू मग." त्यानं आवाज खाली आणला. "एक अडचण हाय. सोनाबाईच्या घरातनं धूर निघतो. हुतात्म्याच्या बायकोच्याच घरातनं! पाहुण्यांना काय सांगायचं आमी? तुमचा शब्द ती मोडायची न्हाय. एवढा आजचा दिवस, चूल पेटवू नको म्हणून तिला समजावा."

मी वाट बघत होते की आता आत्याबाई त्याला वहाणेनं झोडपणार. त्यांचं तोंड एकदम राखेसारखं झालं. म्हणाल्या, "बरं." आणि माझं मनगट धरलं. "बजे, चल संगट."

इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल घातलं नव्हतं. मनगट माझं एवढं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतल्या.

सोनाबाई काठवटीत पीठ मळत होती. चूल पेटलेली, तवा वर. आम्हाला बघून तिला नवल वाटलं असेल, पण दाखवलं नाही. "बसा," म्हणाली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आणि जमिनीकडं बघत राहिल्या. बोलणार कोण? मी. चौथी शिकलेली ना! सांगितलं सगळं. पाहुणे, दगड, वर्तमानपत्र. "तेवढी आज चूल विझवा सोनाबाई. तुमच्याच माणसाचा मान आहे."

सोनाबाईनं गोळा घेतला, थापायला लागली.

"बजा, तू नव्हतीस तवा. तुला म्हाईत न्हाय. माज्या मालकाला गाडीवर घालून नेलं. घरात मी अन् पोरगं. बाजार बंद, पोरगं सकाळपास्नं उपाशी. रडून रडून त्याचा आवाज बसला. माज्या मनात, मयताचं घर हाय, चूल कशी पेटवू? कुनीतरी यील." भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं. "अन् भिंतीपलीकडनं भाकरी थापल्याचा आवाज आला. मथुराक्काचा हात मी वळखत न्हाय व्हय? पोराला म्हनलं, गप, गप. काकू भाकरी कराय लागलीया. आता आनंल बघ."

"मग?" मी विचारलं. त्या वेळी माझी वाचा गेली असती तर बरं झालं असतं.

"मग ताटं वाजली. तुमच्याच घरात."

भाकरी फुगली, तिनं ती उतरवून टोपलीत ठेवली. आवाज चढला नाही तिचा, हात थांबला नाही.

"तितं मालक जळत हुता, अन् हितं मी माज्या हातानं चूल पेटवली. पोराला भाकर घातली. तवापास्नं ह्या दिशी मी चूल गार ठेवत न्हाय. वाट बघत बसायचं न्हाय कुनाची. पाहुन्यास्नी काय सांगायचं ते सांगा तुमी."

आत्याबाई उठल्या. भिंत धरत धरत बाहेर आल्या. मी मागून. इतकी वर्षं आमच्या घरात मी पाट मांडले, ताटं वाढली. त्याच ताटांत.

घरात येऊन त्या गार चुलीपुढं बसल्या. मला राहवलं नाही. सून आहे, सासू आहे, काही भान राहिलं नाही. "आत्याबाई, खाल्ल्या तुमी त्या भाकरी?"

"पाटी भरली हुती," त्या म्हणाल्या. "डोक्यावर घेतली. दारापोतुर गेले. गल्लीच्या तोंडाला दोन सोजीर हुते, बंदुका घेऊन. आत रामहरी. मोर्च्यात घसा फुटंस्तवर वरडून आला हुता, पोत्यामागं दडलेला. माज्यामागं कुनी घरात शिरलं तर? म्हागारी फिरले. कडी घातली."

"आणि भाकरी?"

"तुजा सासरा म्हनला, अन्न कशाला नासवायचं. बसलो जेवाय." त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि परत काढला. "बजे, लई ग्वाड लागल्या गं. भूक लागली हुती नव्हं. त्या बाईच्या वाटच्या भाकरी, अन् ग्वाड लागल्या."

भ्याली म्हणून मी तिला नावं ठेवली नसती. पोटचं पोर आत असताना कुठली आई बंदुकीपुढं जाईल? पण भिंतीला कान असतात म्हणतात, आणि ह्या भिंतीला तर एका उपाशी पोराचे कान लागले होते. माझा नवरा तिथंच जेवला होता. संध्याकाळी त्याच्या तोंडाकडं मला बघवलं नाही, आणि खरं सांगते, पुढं बरेच दिवस बघवलं नाही.

तेवढ्यात नाक्यावर बँड वाजायला लागला. घोषणा झाल्या. दगडावरचा कपडा काढला असावा. आत्याबाईंनी कोपऱ्यातल्या गोवऱ्या ओढल्या, चुलीत रचल्या, वर रॉकेल शिंपडलं आणि काडी ओढली.

"आत्याबाई, अहो, पाहुणे!"

"पाहुने गेले खड्ड्यात. पीठ काढ."

मी पीठ काढलं. त्यांनी इतक्या जोरात भाकरी थापली की काठवट सरकायला लागली. पलीकडं ऐकू जावं म्हणूनच थापत होत्या, मला कळत होतं. पलीकडचा थापल्याचा आवाज थांबला. पिठलं मी हाटलं, मीठ पडलं की नाही कोण जाणे. धूर कौलांतून निघून गल्लीत उतरला आणि शिवशरण धावत आला.

"मथुराबाई! अहो धूर! पाहुणे गल्लीत शिरले. गल्लीची अब्रू जातीय!"

"अब्रू?" आत्याबाईंनी पाटीवर फडकं टाकलं. "ती तीस सालीच जळाली. तुजी टोपी जळाली न्हवं, तवाच. हो बाजूला."

आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या बाहेर पडल्या. भर सकाळी, बँड वाजत असताना. हार घातलेले पाहुणे समोरून येत होते, त्यांच्या बाजूला दोन पोलीसही होते, बंदोबस्ताचे. आत्याबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि उंबऱ्यावरच थबकल्या. मी धरायला गेले तर हात झटकला. अंतर ते केवढं? आमच्या उंबऱ्यावर उभं राहून हात लांबवला तर सोनाबाईच्या दाराची कडी लागायची. तेवढं अंतर चालायला त्यांना आठ वर्षं लागली होती.

सोनाबाई दारात उभी होती, हात पिठाचे. आत्याबाई तिच्यापुढं बसल्या, जमिनीवरच. पाटी उतरवली. "सोना, कडू घास आनलाय."

बँड बंद पडला. गंगम्मा, अकबरी, सगळ्या आपापल्या दारात. मला वाटलं, आता ती म्हणणार, उपास हाय माजा. म्हणाली असती तर कुणाचं तोंड होतं तिला काही बोलायला?

सोनाबाईनं पाटीकडं बघितलंच नाही. आत्याबाईंच्या पिकलेल्या केसांकडं बघत राहिली. मग खाली बसली, उंबऱ्यावर.

"लई उशीर केलास, अक्का."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. घास पुढं करताना पिठलं सोनाबाईच्या लुगड्यावर सांडलं. सोनाबाईनं ते मनगट धरलं, घास आपल्या तोंडाशी नेला आणि खाल्ला. सावकाश चावून खाल्ला.

पुण्याच्या एका पाहुण्यानं शिवशरणला हळूच विचारलं, हा काय विधी आहे? शिवशरणनं टोपी काढून हातात घेतली होती. सगळी गल्ली मान खाली घालून उभी होती, आणि मीही.

सोनाबाईनं दुसरी भाकरी उचलली, वळून आत हाक मारली.

"दगडू, ये रं भाईर. काकूनं भाकरी आनली."